गाळणीवरचा थर : हॅम्बुर्ग-आल्टोना (१८९२) आणि पिण्याच्या पाण्यातील सूक्ष्मजीवसमूहांचा इतिहास

प्रस्तावना

सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात १८५४ सालच्या लंडनमधील ब्रॉड स्ट्रीटवरील हातपंप आणि डॉ. जॉन स्नो यांना मानाचे स्थान आहे. त्यामानाने १८९२ साली जर्मनीतील एल्ब नदीच्या काठी जे घडले त्याची चर्चा कमी होते. हॅम्बुर्ग आणि आल्टोना ही दोन शहरे एकमेकांना इतकी खेटून होती की काही ठिकाणी रस्त्याची एक बाजू हॅम्बुर्गमध्ये तर दुसरी आल्टोनात पडे. दोन्ही शहरे एकाच नदीचे पाणी पीत. त्या वर्षीच्या पटकीच्या साथीत हॅम्बुर्गमध्ये सुमारे ८,६०० माणसे दगावली. आल्टोनात सव्वातीनशेच्या आसपास. लोकसंख्येतील फरक जमेस धरला तरी ही तफावत डोळ्यांत भरणारी आहे.

ही घटना सामान्यतः जीवाणुशास्त्राचा विजय म्हणून सांगितली जाते. ते चूक नाही, परंतु अपुरे आहे. आल्टोनाला ज्या गाळणीने वाचवले ती १८५९ साली, म्हणजे पटकीच्या जीवाणूची ओळख पटण्यापूर्वी पंचवीस वर्षे बांधली गेली होती. शिवाय त्या गाळणीचे काम केवळ वाळू करीत नव्हती; वाळूवर आणि वाळूच्या कणाकणांवर वाढलेला सूक्ष्मजीवांचाच एक समूह ते करीत होता. ज्या शास्त्राने सूक्ष्मजीवाला शत्रू ठरवले, त्याचा सर्वांत ठळक पुरावा सूक्ष्मजीवांनीच पुरवला, हा या इतिहासातील विरोधाभास आहे. प्रस्तुत लेखात या घटनेच्या आधारे पिण्याच्या पाण्यातील सूक्ष्मजीवांकडे पाहण्याची दृष्टी कशी पालटत गेली याचा मागोवा घेतला आहे.

सूक्ष्मदर्शकाखालील पाणी

पाण्यातील सूक्ष्म जीवसृष्टी प्रथम पाहिली गेली ती समूह म्हणूनच. १८५० साली आर्थर हिल हॅसल या डॉक्टरने लंडनच्या विविध पाणीपुरवठा कंपन्यांचे पाणी सूक्ष्मदर्शकाखाली तपासून त्यातील जीवांची चित्रे प्रसिद्ध केली. पेल्यातील पाण्यात वळवळणारे प्राणी पाहून लंडनकरांना शिसारी आली. दोनच वर्षांनी, १८५२ साली, लंडनमध्ये घरगुती वापराचे नदीचे पाणी गाळून देणे कायद्याने बंधनकारक झाले. या शिसारीमागे रोगाचे शास्त्र फारसे नव्हते, तरीही निर्णय योग्य झाला. सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात असे अनेकदा घडलेले दिसते.

ब्रेस्लाऊ येथील वनस्पतिशास्त्रज्ञ फर्डिनांड कोन यांचे काम अधिक सूक्ष्म होते. पटकीच्या काळात शहरातील विहिरींचे पाणी त्यांनी तपासले आणि १८५३ साली आपली निरीक्षणे मांडली. पाण्यात कोणकोणते जीव एकत्र नांदतात यावरून त्या पाण्याची अवस्था ओळखता येते, असा त्यांच्या विचाराचा रोख होता. त्यांनी एकाच आरोपीचा शोध घेतला नाही. पाण्यातील संगत पाहिली. पुढे १८७० साली त्यांनी विहिरीच्या पाण्यात वाढणाऱ्या क्रेनोथ्रिक्स या लोहप्रिय तंतुमय जीवाणूचे वर्णन केले. त्याच दशकाच्या अखेरीस बर्लिनच्या टेगेल येथील नव्या विहिरींत या जीवाणूचे तपकिरी पुंजके इतके माजले की शहराला त्या विहिरी सोडून तळ्याचे पाणी वाळूतून गाळून घेण्याचा मार्ग पत्करावा लागला. हा जीवाणू कोणाला आजारी पाडीत नव्हता. तरीही त्याने एका राजधानीचा पाणीपुरवठा बदलायला लावला.

हॅम्बुर्गच्या नळांचे वर्णन तर एखाद्या प्राणिसंग्रहालयाचे वाटावे असे आहे. १८८० च्या दशकाच्या मध्यास प्राणिशास्त्रज्ञ कार्ल क्रेपेलिन यांनी शहराच्या जलवाहिन्यांतील जीवसृष्टीचा रीतसर अभ्यास केला. स्पंज, शंख-शिंपले, पाण्यातील किडे, कवचधारी लहान प्राणी आणि ईल मासेसुद्धा त्यांना नळांत आढळले. नदीतील जवळजवळ संपूर्ण अन्नसाखळी शहराच्या भूमीखाली नांदत होती. नदीचे पाणी न गाळता नळांत सोडले जात होते, याचा याहून ठसठशीत पुरावा आवश्यक नव्हता. तो उपलब्ध होता, छापलेला होता, आणि साथ येण्यास अद्याप काही वर्षे अवकाश होता.

व्यापाऱ्यांचे शहर

१८४२ सालच्या मोठ्या आगीत हॅम्बुर्गचा मध्यभाग जळून खाक झाला. पुनर्बांधणीत इंग्रज अभियंता विल्यम लिंडली यांनी शहराला आधुनिक गटारयोजना आणि १८४८ सालापासून मध्यवर्ती नळयोजना दिली. युरोप खंडातील ही आरंभीच्या योजनांपैकी एक होय. शहराच्या वरच्या अंगाला रोथेनबुर्गसोर्ट येथे एल्बचे पाणी उचलले जाई आणि काही काळ तळ्यांत निवळू देऊन नळांत सोडले जाई. पुढे लिंडली यांनी वाळूच्या गाळण्यांचा आग्रह धरला, पण तो मान्य झाला नाही. लोकसंख्या वाढत गेली तसतसा पाणी निवळण्यास मिळणारा अवधी घटत गेला.

एल्बला भरती-ओहोटी असते, ही गोष्ट येथे महत्त्वाची ठरते. शहराचे मैलापाणी नदीत खालच्या बाजूस सोडले जात असले तरी भरतीबरोबर त्यातील काही भाग उलटा, पाणी उचलण्याच्या जागेच्या दिशेने सरके. नदी भरून वाहत असताना हे जाणवत नसे. उन्हाळ्यात पात्र आटले की धोका वाढे.

हे ज्ञात असूनही गाळण्या का झाल्या नाहीत? हॅम्बुर्ग हे जर्मन साम्राज्यातील स्वायत्त नगरराज्य होते. त्याचा कारभार सिनेट आणि नागरिकसभा पाहत असे आणि मतदानाचा हक्क मालमत्ता व उत्पन्न असणाऱ्या अल्पसंख्याकांपुरता मर्यादित होता. इतिहासकार रिचर्ड इव्हान्स यांनी १९८७ सालच्या आपल्या ‘डेथ इन हॅम्बुर्ग’ या ग्रंथात या दिरंगाईचा सविस्तर पट उलगडला आहे. गाळण्यांचा खर्च कोणी सोसावा, घरमालकांनी की सर्वांनी, यावर वर्षानुवर्षे खल चालला. त्यास म्युनिकचे ख्यातनाम आरोग्यशास्त्रज्ञ माक्स फॉन पेटेनकोफर यांच्या सिद्धान्ताचे पाठबळ मिळाले. पटकीचे मूळ पाण्यात नसून जमिनीतील ओलावा व स्थानिक परिस्थिती यांत आहे असे ते मानीत. पेटेनकोफर यांची निष्ठा संशयातीत होती. त्यांनी म्युनिकच्या स्वच्छतेसाठी आयुष्य वेचले. तथापि ज्या सिद्धान्तामुळे खर्च पुढे ढकलता येतो तो सिद्धान्त पैसेवाल्यांना पटकन पटतो. अखेर १८९० साली गाळण्यांचा निर्णय झाला. ऑगस्ट १८९२ मध्ये त्यांचे बांधकाम चालू होते.

आल्टोना हे मात्र वेगळ्या राज्यातील शहर होते. १८५९ साली ते डेन्मार्कच्या राजाच्या अमलाखाली होते आणि पुढे प्रशियाकडे आले. त्याची पाणी उचलण्याची जागा ब्लांकेनेसे येथे, हॅम्बुर्गच्या खालच्या अंगाला होती. म्हणजे हॅम्बुर्गचे सारे मैलापाणी वाहून आल्यानंतरचे पाणी आल्टोनाच्या वाट्याला येई. हे पाणी इतके उघडपणे घाण होते की ते न गाळता पिण्याचा विचारही शक्य नव्हता. ते बाउर्सबर्ग टेकडीवर चढवून तेथील वाळूच्या गाळण्यांतून शहरात सोडले जाई. वरच्या अंगाला राहणाऱ्या श्रीमंत शहराला आपले पाणी बरे आहे असे वाटत राहिले. खालच्या अंगाच्या शहराला तशी समजूत करून घेण्याची सोय नव्हती.

ऑगस्ट १८९२

१८९२ चा उन्हाळा कडक होता आणि एल्बची पातळी खालावली होती. ऑगस्टच्या मध्यास बंदर परिसरात पहिले रुग्ण आढळले. व्यापार व जहाजवाहतूक ठप्प होईल या भीतीने साथ अधिकृतपणे जाहीर करण्यात सुमारे आठवडा गेला. त्या दरम्यान नळांचे पाणी घरोघर पोहोचत राहिले. अमेरिकेला निघालेल्या रशियन ज्यू स्थलांतरितांवर ठपका ठेवण्यात आला. रोग पूर्वेकडून आला हे खरे. पण तो साऱ्या शहरात पोहोचवण्याचे काम शहराच्या स्वतःच्या नळांनी केले. सुमारे १७ हजार लोकांना लागण झाली आणि त्यांतील निम्मे मरण पावले. मृत्यूचे प्रमाण कष्टकरी, अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांत सर्वाधिक होते. सधन घरांत पाणी उकळून देणारे नोकर होते आणि शहर सोडून जाण्याची ऐपतही होती.

साम्राज्य सरकारने बर्लिनहून रॉबर्ट कॉख यांना पाठवले. गल्लीबोळांच्या दाट वस्त्यांत फिरताना, आपण युरोपात आहोत याचाच आपल्याला विसर पडतो, अशा आशयाचे उद्गार त्यांनी काढल्याचे प्रसिद्ध आहे. भारतीय वाचकाने या उद्गाराकडे थोडे थांबून पाहावे. आठच वर्षांपूर्वी, १८८४ च्या फेब्रुवारीत, कलकत्त्यातील एका वस्तीतल्या तळ्याच्या पाण्यात कॉख यांना पटकीचा स्वल्पविरामाच्या आकाराचा जीवाणू सापडला होता. त्या तळ्याच्या काठी पटकीने माणसे दगावत होती, तेथेच कपडे धुतले जात होते आणि तेच पाणी प्यायले जात होते. परंतु त्याच कलकत्त्यात १८७० च्या सुमारापासून पलता येथे हुगळीचे पाणी वाळूतून गाळून शहराला देण्याची व्यवस्था होती. ते पाणी सर्व वस्त्यांना सारखे मिळत नव्हते, हे खरेच. तरीही जी व्यवस्था वसाहतीच्या राजधानीत वीस वर्षांपूर्वी झाली, ती युरोपातील एका अत्यंत संपन्न बंदराने केली नव्हती. युरोपची आठवण सुटण्याचे कारण गल्ल्यांतील दारिद्र्यापेक्षा नगरसभागृहात अधिक होते.

कॉख यांनी १८९३ साली पाण्याचे गाळण व पटकी यांवरील आपल्या निबंधात दोन शहरांची तुलना मांडली. साथ जणू राजकीय सरहद्द ओळखून वागत होती. सरहद्दीच्या रस्त्यावर हॅम्बुर्गच्या बाजूची घरे आजारी आणि आल्टोनाच्या बाजूची जवळजवळ निरोगी असे चित्र होते. जमीन एकच, हवा एकच, गटारे सारखीच, लोकही त्याच थरातले. त्याहून बोलके उदाहरण ‘हॅम्बुर्गर प्लाट्झ’ या चाळवजा वसाहतीचे. ही कामगारवस्ती हॅम्बुर्गच्या हद्दीत होती, पण नळजोडणीच्या अडचणीमुळे तिला आल्टोनाचे पाणी मिळत होते. सभोवार साथ थैमान घालीत असताना ही वस्ती सुटली. मुद्दाम प्रयोग रचला असता तरी याहून नेटका साधला नसता.

पेटेनकोफर यांना हा पुरावा मान्य झाला नाही. ७ ऑक्टोबर १८९२ रोजी त्यांनी, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, पटकीच्या जीवाणूंचे संवर्धित द्रव स्वतः प्राशन केले. त्यांना सौम्य अतिसारापलीकडे काही झाले नाही. त्यातून एवढेच कळते की जीवाणू पोटात जाणे आणि रोग होणे यांमध्ये आणखी बऱ्याच पायऱ्या असतात. त्या पायऱ्यांपैकी काही आतड्यातील इतर सूक्ष्मजीवांच्या आहेत, हे समजण्यास पुढे दीर्घ काळ जावा लागला.

गाळणी जिवंत असते

आता प्रश्न असा की वाळू जीवाणू अडवते कशी? वाळूच्या कणांमधील पोकळी जीवाणूच्या आकाराच्या कितीतरी पट मोठी असते. चाळणीच्या न्यायाने पाहिले तर जीवाणू सहज पार व्हावयास हवेत. नवी, स्वच्छ वाळू भरलेल्या गाळणीतून ते होतातही.

बर्लिनच्या पाणीपुरवठा विभागातील अभियंता कार्ल पीफ्के यांनी १८८० च्या दशकात या प्रश्नाचा पाठपुरावा केला. वाळू निर्जंतुक करून वापरली तर गाळणीचे काम बिघडते आणि वाळूवर बुळबुळीत थर चढू लागल्यावरच ती नीट चालू लागते, असे त्यांच्या कामातून पुढे आले. जर्मन अभियंते या थराला ‘श्मुट्झडेके’, म्हणजे ‘मळाचे पांघरूण’ म्हणत. नाव तुच्छतेचे, पण काम मोलाचे. त्यात शेवाळ, डायटम, तंतुमय जीवाणू, आदिजीव आणि सूक्ष्म कृमी एकत्र नांदतात. आदिजीव पाण्याबरोबर येणारे जीवाणू खातात. खालच्या वाळूच्या कणांवरही चिकट जैवपटल चढते. त्याला जीवाणू चिकटतात आणि पाण्यातील सेंद्रिय द्रव्य तेथेच खर्ची पडल्याने पुढे जाणाऱ्या जीवाणूंची उपासमार होते. हा थर तयार होण्यास, ज्याला गाळणी ‘पिकणे’ म्हणता येईल, काही दिवस ते काही आठवडे लागतात. पुढे थर इतका दाट होतो की पाणी झिरपेनासे होते. मग वरची इंच-अर्धा इंच वाळू खरवडून काढावी लागते आणि गाळणी पुन्हा पिकेपर्यंत सुरुवातीचे पाणी वाया घालवावे लागते.

ही सारी निगा कामगारांच्या हातची. आणि ती चुकली तर काय होते हे आल्टोनानेच दाखवले. १८९३ च्या आरंभी, कडाक्याच्या थंडीत, आल्टोनात पटकीचे रुग्ण आढळू लागले. कॉख यांनी गाळण्यांच्या नोंदी तपासल्या. खरवडण्यासाठी गाळणी रिकामी केली असता उघडी पडलेली वाळू गोठली आणि अशी गाळणी पुन्हा चालू केल्यावर तिच्या पाण्यातील जीवाणूंची संख्या एकदम वाढली, असा त्यांचा निष्कर्ष होता. ऑगस्टमध्ये ज्या यंत्रणेने शहर वाचवले, तीच जानेवारीत दगा देत होती. ते यंत्र नव्हते. जोपासना लागणारी वस्ती होती.

यातून कॉख यांनी नियम बांधले. गाळण्याचा वेग ताशी १०० मिलिमीटरपेक्षा अधिक नसावा, प्रत्येक गाळणीचे पाणी दररोज स्वतंत्रपणे तपासावे, आणि एक घन सेंटिमीटर पाण्यात शंभराहून अधिक जीवाणू आढळल्यास ते पाणी नळात सोडू नये. शंभर हा आकडा आल्टोनाच्या चांगल्या चाललेल्या गाळण्यांच्या अनुभवातून आला. पटकीच्या जीवाणूशी त्याचा थेट संबंध नव्हता. मोजले जात होते ते बहुतांशी निरुपद्रवी जीवाणू. म्हणजे आरोग्याच्या या पहिल्या सूक्ष्मजैविक मानकाने खरे पाहता एका सूक्ष्मजीवसमूहाच्या प्रकृतीचेच मोजमाप केले. हॅम्बुर्गच्या काल्टेहोफे बेटावरील गाळण्या घाईने पूर्ण करून मे १८९३ मध्ये चालू झाल्या.

मोजणीने काय दाखवले, काय झाकले

१८८१ साली कॉख यांनी जिलेटिनच्या घट्ट माध्यमावर जीवाणू वेगवेगळे वाढवण्याची पद्धत लंडनच्या आंतरराष्ट्रीय वैद्यक परिषदेत दाखवली होती. एका जीवाणूपासून एक ठिपका. ठिपके मोजले की पाण्याची प्रत कळली. १८८५ साली पर्सी फ्रँकलंड यांनी हीच पद्धत लंडनच्या पाण्याला लावून गाळण्या जीवाणूंचा बहुतांश भाग अडवतात हे दाखवले. गाळण्यांविषयीचा विश्वास या आकड्यांवर उभा राहिला. विसाव्या शतकाच्या आरंभी क्लोरीन आले : १९०५ साली लिंकन येथे अलेक्झांडर ह्यूस्टन यांनी आणि १९०८ साली जर्सी सिटीच्या योजनेत जॉन लील यांनी ते वापरले. क्लोरीन स्वस्त होते, वेगवान होते, त्याला पिकण्याची वाट पाहावी लागत नव्हती. त्याने वाचवलेल्या जीवांची संख्या अफाट आहे. परंतु त्याबरोबर पाणी निर्जीव करता येते आणि ठिपका उमटला नाही म्हणजे पाण्यात काही नाही, ही समजूतही रुजली.

या समजुतीला बसलेला एक जबर धक्का भारतातला आहे. नोव्हेंबर १९५५ मध्ये यमुनेचा प्रवाह बदलून नजफगढ नाल्याचे मैलापाणी दिल्लीच्या वझिराबाद येथील पाणी उचलण्याच्या जागेकडे आले. अधिकाऱ्यांनी तुरटी व क्लोरीन यांचे प्रमाण वाढवले. विषमज्वराची साथ आली नाही. जीवाणूंच्या दृष्टीने उपाय लागू पडला होता. मात्र काही आठवड्यांनी सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. १९८० साली, पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेतील संशोधकांचा सहभाग असलेल्या एका अभ्यासात, त्या साथीतील जपून ठेवलेल्या रक्तद्रवाची तपासणी झाली आणि ती कावीळ ज्ञात ‘अ’ किंवा ‘ब’ प्रकारची नव्हती हे स्पष्ट झाले. आज तिचा विषाणू हेपॅटायटिस ‘ई’ म्हणून ओळखला जातो.

अमेरिकेतही असेच घडले. १९७६ साली फिलाडेल्फियात लिजनेअर्सचा आजार उद्भवला. पुढे त्याचा जीवाणू पाण्यातील अमीबांच्या पोटात वाढतो असे आढळले. म्हणजे जे आदिजीव गाळणीत राखण करतात त्यांचेच भाईबंद इमारतींच्या नळांत शत्रूला आसरा देतात. १९९३ साली मिलवॉकीत क्लोरीनला न जुमानणाऱ्या क्रिप्टोस्पोरिडियम या परजीवीने अंदाजे चार लाख लोकांना आजारी पाडले.

पटकीचा जीवाणूही कॉख यांना वाटला तेवढा एकटा निघाला नाही. १९८२ साली रीटा कोलवेल व सहकाऱ्यांनी तो प्रतिकूल पाण्यात जिवंत राहूनही संवर्धनात न वाढण्याच्या अवस्थेत जातो हे दाखवले. अशा वेळी ठिपका उमटतच नाही. तो पाण्यातील सूक्ष्म कवचधारी प्राण्यांना चिकटून राहतो, हेही या परंपरेतील संशोधनातून पुढे आले. त्यावरूनच बांगलादेशातील मतलब परिसरात जुन्या सुती साडीच्या घड्या घालून पाणी गाळण्याचा प्रयोग झाला आणि २००३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पटकीचे प्रमाण जवळपास निम्म्याने घटले. महाराष्ट्रातील घरांत आणि विशेषतः जैन कुटुंबांत वस्त्रगाळ पाण्याचा परिपाठ जुना आहे. त्यामागचा हेतू अहिंसेचा वा शुचितेचा होता, रोगनिवारणाचा नव्हे. तेव्हा पूर्वजांना जीवाणू ठाऊक होते असा अर्थ त्यातून काढणे इतिहासाला धरून होणार नाही. आल्टोनाच्या १८५९ सालच्या अभियंत्यांनाही ते ठाऊक नव्हतेच.

नळांतील वस्ती

शुद्धीकरण केंद्रातून निघालेले पाणी नळांतून जाताना पुन्हा वस्तीला लागते. वितरणव्यवस्थेतील बहुतांश सूक्ष्मजीव वाहत्या पाण्यात नसून नळाच्या आतल्या भिंतीवरील जैवपटलात असतात, हे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्पष्ट होत गेले. त्यानंतर जनुकीय पद्धतींनी ठिपका न उमटवणारे असंख्य रहिवासीही दाखवले. क्रेपेलिन यांनी डोळ्यांनी पाहिलेल्या प्राणिसृष्टीच्या जागी आता न दिसणारी सृष्टी आली.

नेदरलँड्सने यातून वेगळा धडा घेतला. १९७४ साली रॉटरडॅमचे रसायनतज्ज्ञ योहानेस रूक यांनी क्लोरीन व पाण्यातील सेंद्रिय द्रव्य यांच्या संयोगातून क्लोरोफॉर्मसारखी संयुगे तयार होतात हे दाखवल्यानंतर तेथील शहरांनी क्रमशः क्लोरीन सोडले. ॲम्स्टरडॅमने ते १९८३ साली सोडले. त्याऐवजी पाण्यातील सूक्ष्मजीवांचे अन्नच इतके कमी करायचे की नळांत घातक वाढ होऊ नये, हे धोरण स्वीकारले. ॲम्स्टरडॅमच्या शुद्धीकरणात मंदगती वाळू-गाळणीला आजही स्थान आहे. मात्र हे साधते ते नळ अखंड दाबाखाली असतात आणि गळती अत्यल्प असते म्हणून.

भारतीय शहरांतील परिस्थिती याच्या उलट आहे. दिवसाआड किंवा काही तासांपुरते पाणी सोडले जाते. उरलेला वेळ नळ रिकामे वा दाबाविना असतात. एमिली कुम्पेल आणि कारा नेल्सन यांनी हुबळी-धारवाड येथे एकाच शहराच्या दोन भागांची तुलना केली. एकीकडे चोवीस तास पाणी होते, दुसरीकडे खंडित पुरवठा; २०१३ सालापासून त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दोन्ही भागांना येणारे पाणी त्याच शुद्धीकरण केंद्रांतले होते. खंडित पुरवठ्याच्या भागात विष्ठाजन्य प्रदूषणाचे निदर्शक जीवाणू कितीतरी अधिक नमुन्यांत आढळले. दाब नसताना भेगांतून शिरलेले गटाराचे पाणी आणि भिंतींवरून सुटलेले जैवपटल पाणी सुटताच येणाऱ्या पहिल्या लोटात उतरते. येथेही सरहद्द नळांचीच होती, आणि तिच्या कोणत्या बाजूला घर आहे यावर पेल्यातील पाणी ठरत होते.